आज पोळा म्हणे! आमचा बेंदूर तर कधीच झाला. तुमच्याकडं आज काय चाललंय?

कृष्णाकाठचा (सकाळी 9:40)

मंडळी नमस्कार. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, बदली झाल्यामुळं फेब्रुवारीपासून नागपुरात. काल रात्री कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला की उद्या पोळा आणि परवा तान्हा पोळा, सगळ्या लहान मुलांनी नंदी सजवून आणायचा, पहिल्या तिघांना बक्षीस. माझी पोरगी सहा वर्षांची. तिनं लगेच विचारलं, पप्पा, आपण तर बैलांची पूजा मागंच केली की, आजीकडं. खरंय तिचं. आमच्याकडं बेंदूर गुरुपौर्णिमेच्या आसपास असतो, म्हणजे दीड महिना होऊन गेला. तेव्हा गावाला जाऊन कुंभाराकडची मातीची बैलजोडी आणली, पुरणपोळी झाली, सगळं झालं. आता बैल तोच, सण तोच, मग तारखा दोन का? आणि कॅलेंडरात तर कर्नाटकी बेंदूर म्हणून आणखी एक असतोय वटपौर्णिमेच्या सुमाराला, तो वेगळाच.

दुसरं म्हणजे इथं सगळे 'मारबत बघायला चला' म्हणतायत. हे नक्की काय असतं? नि सगळ्यांनीच लिहा की, आज तुमच्या गावात काय चाललंय. इकडं सकाळपासून पाऊस भुरभुरतोय, ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

कापूसकोंड्या (सकाळी 10:15)

या जी, नागपुरात स्वागत आहे तुमचं 😀 पहिले तारखेचं सांगतो. आमच्याकडे पोळा म्हणजे श्रावणातली अमावास्या. आमचं पीक कपाशी, तूर, सोयाबीन. पेरणी झाली की बैल सुटला असं नसते, पुढे डवरणी असते, दोन ओळींच्या मधून डवरे हाकत राहायचं, ते श्रावणापर्यंत चालते. पोळ्याला काम संपते तेव्हा कुठे बैलाला सुट्टी. तुमच्याकडे पेरणी-कोळपणी लवकर आटपत असेल म्हणून आषाढात. हे आमच्या आबाजीचं लॉजिक आहे, कोण्या पुस्तकातलं नाही, पण मले तरी पटते.

खरा पोळा आदल्या दिवशीच सुरू होते. खांदशेकणी. हळद नि तूप कोमट करायचं, पळसाचं पान त्यात बुडवायचं आणि जू घासून घासून जिथे घट्टा पडला असते त्या खांद्यावर हळूहळू शेकायचं. आणि बैलाच्या कानात सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या'. मी लहान असताना आबाजी हे इतक्या सिरियसली म्हणायचे की मले वाटे बैल आता मान हलवून हो म्हणते. एकदा हलवली पण होती, माशी बसली असंन.

दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरण बांधते आंब्याच्या पानाचं, त्याच्याखाली सगळ्या जोड्या लाईनीत. पाठीवर झूल, डोक्यावर मठाटी, शिंगाला बेगड, गळ्यात घुंगरमाळ. मग झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी गाणी, एकानं सुरू केली की दुसरा त्याले उत्तर देते, सरपंचापासून सोयाबीनच्या भावापर्यंत कोणालेच सोडत नाही, आणि शेवटी सगळे मिळून 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग बैल घरोघरी, पाय धुऊन पूजा, आणि बैल नेणाऱ्याले बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे.

मारबतीचं जेवण झाल्यावर लिहितो. घरून आवाज येऊन राहिला.

अर्धा एकर (सकाळी 11:05)

जामनेरकडून. भाऊ, झूल-घुंगरू सगळं खरं, पण बैल किती उरले ते पण लिहा ना. आमच्या गल्लीत मी शाळेत होतो तेव्हा अकरा जोड्या होत्या, आज एक. एकच. ती पण ज्यांची आहे ते काका सत्तरीचे, मुलगा म्हणतो विका, ते म्हणता मी आहे तोवर नाही. बाकी आम्ही सगळे ट्रॅक्टरवाले. मागच्या वर्षी एकाने ट्रॅक्टरलाच गोंडे बांधून लाईनीत आणला, पोरं हसली, म्हातारी माणसं चिडली, मला मात्र त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही. कर्ज त्याच्यावरच आहे, पूजा पण त्याचीच होणार.

2023 चं आठवतं का कोणाला? अधिक श्रावण आला होता म्हणून पोळा पार 14 सप्टेंबरला गेला, आणि वरून लंपी, गुरांची साथ. बैल एकत्र आणायला बंदी. ज्याने त्याने आपापल्या गोठ्यातच पुजले. पाऊसही नव्हता धड. वडिलांनी आमच्या शेवटच्या बैलाला पोळी भरवली तर त्याने अर्धी खाल्ली आणि मनगट चाटत बसला, खरखरीत जीभ, वडील हात मागेच घेईनात. ती जोडी आम्ही त्याच दिवाळीनंतर विकली. असो.

ठाण्याची मावशी (दुपारी 12:30)

आमच्याकडे बैल आधीपासूनच नाहीत रे बाबांनो, म्हणून आमची ही अमावास्या पिठोरी! संध्याकाळी खीरपुरीचं वाण डोक्यावर घ्यायचं, मुलांकडे पाठ करून उभं राहायचं आणि विचारायचं 'अतीत कोण?', मग मुलाने मागून 'मी' म्हणून ते घ्यायचं. आपला जुना मातृदिन तो हाच. माझा मुलगा बंगलोरला, तर गेली तीन वर्षं व्हिडिओ कॉलवर. मी फोनकडे पाठ करून उभी, डोक्यावर ताट, आणि तो ट्रॅफिकमधून ओरडतो 'मी मी'. आणि मग खीर खातात आमचे हे!

कृष्णाकाठचे, मुलीला सांगा दोन्ही सण तुझेच. दोनदा पुरणपोळी मिळत असेल तर वाद कशाला घालायचा.

पेडण्याचा (दुपारी 1:10)

आमच्या गोव्यात तर ह्या दोन्ही तारखांना काहीच नाही. गुरांचा मान दिवाळीच्या पाडव्याला, गोरवांचो पाडवो म्हणतात. गुरांना न्हाऊ घालायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, गोडधोड खायला द्यायचं, आणि गुराखी धेंडलो, म्हणजे कृष्णाची मूर्ती ठेवलेलं फुलांनी सजवलेलं छोटं मखर, घेऊन घरोघर गात फिरतात. मला वाटतं कापूसकोंड्या यांचं लॉजिक इथेही लागू पडेल, भातकापणी उरकल्यावर आमची गुरं मोकळी. म्हणजे तुमचे तीन आणि आमचा एक, बैलाला वर्षातून चार वाढदिवस 😄

कापूसकोंड्या (दुपारी 2:50)

हं, जेवण झालं, आता मारबत. ही नागपूरची खास चीज आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे उद्या, काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन मोठ्या बायांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. काळी म्हणजे बाकाबाई भोसले, नागपूरच्या भोसले घराण्यातली राणी, इंग्रजांले मिळाली म्हणून लोकांनी तिचा पुतळा काढला, असं सांगतात. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी ज्याचा राग आला असंन त्याचा पुतळा. महागाई, खड्डे, परीक्षेचे पेपर फोडणारे, काहीही. आणि सगळी गर्दी ओरडते 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'. शेवटी जाळून टाकते. खोकला-सर्दीपासून तर भ्रष्टाचारापर्यंत सगळं एकाच पुतळ्यासंगं रवाना.

तान्ह्या पोळ्याचं पण सांगून टाकतो. लाकडी बैल, खाली चाकं, समोर दोरी. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी लहान पोरांसाठी सुरू केला म्हणतात. लेकरं बैल ओढत घरोघरी जातात आणि बोजारा घेतात, पैसे नाहीतर चॉकलेट. मुलीसोबत एक पिशवी नक्की द्या.

अर्धा एकर (दुपारी 3:20)

बडग्यात एक कापसाच्या भावाचा पण काढा रे. आमच्या वाटचा.

कृष्णाकाठचा (रात्री 10:25)

लई भारी लिहिलंय सगळ्यांनी, बसमध्ये वाचत आलो, माझा स्टॉपच चुकला.

अर्धा एकर, दादा, तुमचं वाचून आमचा आबा आठवला. आबा म्हणजे वडलांचा थोरला भाऊ. त्याची खिलार जोडी शर्यतीची. 2014 ला कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा तीन वर्षं त्यानं ती नुसती पोसली, शेवटी विकली, निम्म्या किमतीला. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली तर पठ्ठ्या 74 व्या वर्षी म्हसवडच्या बाजारात खोंड बघायला निघाला होता, काकीनं घराचं दार लावून घेतलं. यंदाच्या बेंदराला त्यानं मातीच्या बैलांची शिंगं स्वतः रंगवली, हात थरथरतोय म्हणून रंग डोळ्यावर गेला, तर पोरगी म्हणली आबा, ह्यानं गॉगल घातलाय.

तर आज संध्याकाळी इथल्या महाल भागात जाऊन लाकडी बैल आणला. लहानातला लहान घेतला तरी भाव ऐकून डोळे फिरले. पोरीनं घरी आल्यावर काय केलं असंल? ते बेंदराचे मातीचे दोघं कपाटातून काढले, लाकडी बैल मधी ठेवला आणि म्हणली हा ह्यांचा नागपूरचा पावणा. एका मातीच्या बैलाचं शिंग प्रवासात मोडलंय, त्याला आगपेटीची काडी फेविकॉलनं चिकटवली. आता तिघांनाही झूल पाहिजे, बायको जुन्या ब्लाउजपीसची शिवत बसलीय आणि मला शिव्या देतीय.

एकच सांगा, उद्या मारबत बघायला इतवारीत किती वाजता पोचू आणि गाडी कुठं लावू?

कापूसकोंड्या (रात्री 10:40)

गाडी आणूच नका बाप्पा. सकाळीच निघा, पोरीले खांद्यावर घ्या, आणि खिशातला मोबाईल समोरच्या खिशात ठेवा.