मदत हवी आहे: आजोबांच्या पेटीत काडतुसं भरायचं सामान आणि बंदुकीची जुनी दारू सापडली आहे

नमस्कार. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठाला. मी नांदेडला शिक्षिका आहे, गावच्या घरी दादा-वहिनी असतात. माळवद गळायला लागलं म्हणून दादानं मागच्या आठवड्यात ते उतरवायला काढलं. मधल्या खोलीतलं बळद रिकामं करताना तळाशी आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची सागवानी पेटी निघाली. इतकी वर्षं त्यावर ज्वारीची पोती होती.

पेटीत काय आहे ते नीट सांगते. बारा बोरची पितळी रिकामी काडतुसं वीस-बावीस, बुडाशी हिरवा गंज चढलेली. लाल कागदी काडतुसं नऊ, ही भरलेली आहेत आणि ओल लागून फुगलीत. पत्र्याच्या चपट्या डबीत टोप्या, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसतात आणि टोला बसला की दारू पेटवतात त्या. दारूचा फिरकीच्या झाकणाचा एक डबा, हलवला तर आत अर्धा भरल्यासारखा वाटतो. (हलवला तो दादानं. मी फोनवरच ओरडले.) शिशाच्या छऱ्यांची पिशवी, छऱ्यांवर पांढरी भुकटी आलेली. टेबलाच्या कडेला कसायचं, दांडा फिरवून कागदी काडतुसाचं तोंड वळवायचं छोटं यंत्र. दारूचं पितळी मापटं. काडतुसात दारूवर बसवायच्या नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चकत्या पाडायचा लोखंडी ठसा. आणि तळाशी परवान्याची जीर्ण वही, उर्दूत, निजामाच्या राज्यातली. सन १३५० फसली, म्हणजे १९४०-४१.

हे सामान मी लहानपणी चालताना पाहिलेलं आहे. ज्वारी हुरड्याला आली की रानडुकरं यायची आणि आबा जागलीला जायचे. त्याआधी एखाद्या सकाळी ओसरीवर पोतं अंथरून ते काडतुसं भरायला बसायचे. चूल विझेपर्यंत सुरुवात करायचे नाहीत. गड्यांना बिडी घेऊन ढेलजेच्या आत येऊ द्यायचे नाहीत. मापटं भरलं की पत्त्याच्या पानानं वरचा भाग सपाट करायचे, बोटानं कधीच नाही. माझं काम त्यांच्या हातात एकेक चकती द्यायचं. एका काडतुसात दारू पडली की नाही अशी शंका आली, तर ते बाजूला ठेवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बाबांनी मात्र कधी भरली नाहीत. ते शहरातल्या दुकानातून खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं आणायचे, तीही परवान्यावर नोंद करून.

बाबा गेल्या वर्षी गेले. बंदूक दादानं लगेच ठाण्यात जमा केली, पावती आहे. दर निवडणुकीला आचारसंहितेत ती तिथं जमा व्हायचीच, त्यामुळे रस्ता माहीत होता. पेटीबद्दल मात्र कुणालाच माहिती नव्हती.

आता खरी अडचण. माझा भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून त्याला नेमबाजीनं झपाटलंय. अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं भरतात, ते व्हिडिओ तो तासन्‌तास पाहतो. वापरलेलं पितळ साफ करायचं, साच्यातून दाबून मूळ मापात आणायचं, नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनमध्ये तोलायची. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. प्रत्येक वेळचं वजन वहीत लिहून ठेवायचं. तो हे सगळं इतकं मन लावून सांगतो की ऐकत राहावंसं वाटतं. हात निगुतीचा आहे त्याचा, आबांसारखाच. पेटीचे फोटो पाहून म्हणाला, "आत्या, आपल्याकडे सामान आहेच. फक्त नवी दारू आणि टोप्या मिळाल्या की झालं. बंदूक तर वारसाहक्कानं आपल्याच नावावर होणार."

मला त्याची हौस मारायची नाही. पण भीती वाटते. शिवाय हे घरात बसून करणं कायद्यात बसतं का, हेच मला माहीत नाही. म्हणून विचारते:

डबा आणि टोप्या आत्ता पेटीतच ठेवून पेटी गोठ्यात हलवली आहे. हे ठीक आहे का? मेच्या उन्हात तिथं पत्रा तापतो. दुसरं, रिकामं पितळ आणि ते यंत्र ठेवायलाही परवाना लागतो का? तिसरं, वारस म्हणून दादाला परवाना मिळाला तर त्यात घरी काडतुसं भरणं येतं का? आणि आबांची आठवण म्हणून यातलं काही घरात राहू शकेल का?

कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा. दादा म्हणतोय, "इहिरीत टाकून देऊ, कशाला बोभाटा." मला ते पटत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी सैन्यात दारूगोळा भांडारात नोकरी केली, आता निवृत्त आहे. पहिलं सांगतो, डब्याचं झाकण कुणीही उघडू नका. फिरकीच्या आट्यांमध्ये दारूचे दाणे अडकलेले असतात, झाकण फिरवताना घासून पेट घेऊ शकतात. काळी, म्हणजे धूर करणारी जुन्या पद्धतीची दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही तशीच जिवंत असते, जुनी म्हणून निकामी झाली असं समजू नका. आणि ती काळीच आहे हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. बिनधुराची असेल तर उष्णतेनं ती आतल्या आत कुजते, आंबूस उग्र वास येतो, पुढे आपोआप पेटू शकते. टोप्यांना ठिणगीही लागत नाही, टोला पुरतो.

गोठ्यात नेली ते झालं, आता पुन्हा हलवू नका. जनावरं दुसरीकडे बांधा, कडबा बाजूला काढा, दाराला कुलूप लावा. पाण्यात टाकणं, पुरणं, जाळणं, भंगारवाल्याला पितळ देणं, यातलं काहीच करायचं नाही. विहिरीत टाकलेलं काडतूस उद्या गाळ काढणाऱ्याच्या हातात येतं. पिशवीत घालून स्वतः ठाण्यात नेऊ नका, एसटीनं तर मुळीच नाही. ठाण्याला कळवा किंवा ११२ ला फोन करा. बॉम्ब शोधक व नाशक पथक येऊन घेऊन जातं. छऱ्यांवरची पांढरी भुकटी शिशाची असते, विषारी. हाताळलेल्यांनी साबणानं हात धुवावेत, लहान मुलांना लांब ठेवा.

भाच्याला माझ्याकडून एक सांगा. आजोबांचं मापटं काळ्या दारूचं. आजची बिनधुराची दारू त्याच मापट्यानं भरली तर जोर कित्येक पटीनं जास्त होतो, नळी हातात फुटते. ती माणसं दर खेपेला तोलतात आणि दर खेपेला लिहितात, ते यासाठीच.

प्रतिसाद २

मी परभणीला वकिली करतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे तुमचं ते वळणी यंत्र नुसतं लोखंड समजून चालणार नाही. पूरक भागांसोबत वापरण्याचा इरादा नसलेले किरकोळ भाग कलम ४५ मध्ये वगळलेत, पण तुमच्या पेटीत पितळ, टोप्या, दारू, यंत्र सगळं एकत्र आहे. त्यात भाचा 'भरायचं' म्हणतोय. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका, आणि त्यानं तसे मेसेज कुठं टाकले असतील तर पुढं टाकू नये.

बाळगण्याचा परवाना कलम ३ चा. बनवण्याचा कलम ५ चा. दोन्ही वेगळे. वारसानं पहिला मिळाला म्हणून दुसरा मिळत नाही. विनापरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. छंद होता, विकायचं नव्हतं, हे सांगून कलम बदलत नाही.

बंदुकीचं मात्र होऊ शकतं. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ खाली परवानाधारकाच्या निधनानंतर वारसाला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बाकी वारसांचं ना-हरकत लागतं, म्हणजे ताई, तुमची सही लागेलच. पेटीचा अर्ज आधी द्या. घर दुरुस्तीत सापडली, कुणी वापरली नाही, हे तारखेसह लिहा, आजोबांच्या आणि वडिलांच्या परवान्याच्या प्रती जोडा आणि पोच घ्या. बंदुकीचा अर्ज त्यानंतर.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच दादाला दोन्ही प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. विहिरीचा विषय संपला. म्हशी शेजारच्या वाड्यात बांधल्यात, कडबा काढला, किल्ली वहिनीकडे आहे.

भाच्याशी मीच बोलले. मापट्याची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आबा शंका आली की परत का मोजायचे ते आता समजलं. सात वर्षांच्या कलमापेक्षा त्याला तेच जास्त लागलं असावं. संभाजीनगरला १० मीटर एअर रायफलचं शिकवणारं कुणी आहे का ते तो शोधतोय. त्यात काडतूस नसतं, ४.५ मिलिमीटरची शिशाची पेलेट असते. माहिती असेल तर कृपया इथं लिहा, त्याला पाठवते.

अर्ज लिहून ठेवलाय. सकाळच्या गाडीनं मी गावी निघते, दादासोबत ठाण्यात जाईन आणि पंचनाम्याला स्वतः उभी राहीन. उर्दू वही आणि चकत्यांचा लोखंडी ठसा मागे ठेवता येईल का, हे अधिकाऱ्यांनाच विचारणार आहे. ठशाच्या कडेला अजून नमद्याचे करडे धागे चिकटलेले आहेत, दादानं फोटो पाठवला त्यात दिसले. नाही म्हणाले तर तोही देऊन टाकीन. वकील दादा, एकच राहिलं: पोच ठाणे अंमलदाराच्या सही-शिक्क्याची चालते, की अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातही द्यायची?