नकाशावर बाण कसे काढावेत? (मध्ययुगीन व्यापारमार्ग, कऱ्हाड-मिरज)

कृष्णाकाठ (कऱ्हाड): शाळेच्या प्रदर्शनासाठी सहा फूट बाय चार फुटांचा भिंतीवरचा नकाशा करायचा आहे. दाभोळ-चिपळूण-कुंभार्ली घाट-कऱ्हाड-मिरज ही आपली वाट ठळक हवी. अरबस्तानातून कोकणात आणि तिथून घाटावर ‘इस्लाम’ आणि ‘कागद’ असे दोन बाण काढावेत असा विचार आहे. हे बरोबर आहे का? शतके कोणती लिहू?

घाटवाट: दोन्ही बाण एकाच काळात दाखवू नका. धर्माच्या बाबतीत तर बाणापेक्षा वर्तुळ काढा. कारण वाऱ्यात आहे. एडनहून निघालेली गलबते पावसाळा ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागत आणि परतायला ईशान्य वाऱ्याची वाट पाहत. भर पावसाळ्यात बंदरे बंदच. म्हणजे मुक्काम महिनोन् महिन्यांचा. मुक्काम पडला की बिऱ्हाड थाटले जाई, लग्ने होत, प्रार्थनेची जागा लागे, आपसांतले तंटे तोडायला आपल्यातलाच माणूस लागे.

सन ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी-लेखक मसूदी चौलला (तो ‘सैमूर’ म्हणतो) आला, तेव्हा तिथे सुमारे १०,००० मुसलमान असल्याचे तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले लोक होतेच, शिवाय इथेच जन्मलेले ‘बयासिरा’ही होते. त्यांच्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत. राज्य राष्ट्रकूटांचे होते. ९२६ चा चिंचणी ताम्रपटही पाहा. संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती (मुहम्मद) हा ताजिक (अरब) अधिकारी पाही. त्याने नदीवर फुकट नाव आणि गावात अन्नछत्र चालवले, देवीच्या मठाच्या दानालाही त्याची संमती होती. म्हणून चौल आणि संजाणला १०व्या शतकाची वर्तुळे काढा, पण तिथून त्याच शतकात घाटावर रेघ ओढू नका.

घाटावर माल बैलाच्या पाठीवर चढे. एका बैलावर साधारण सव्वाशे किलो आणि दिवसाची मजल १०-१२ किलोमीटर. त्यामुळे मुक्कामाची गावे जवळजवळ दाखवा. या पट्ट्यात संघटित व्यापारी म्हणजे अय्यावोळे (ऐहोळे) परंपरेचे वीरबणंज, म्हणजे व्यापाऱ्यांची एक मोठी श्रेणी. १२व्या शतकातल्या कोल्हापूरच्या शिलाहार लेखात ते जैन बसदीला (मंदिराला) मालावरचा वाटा लावून देतात, आणि त्यांत मिरजेचे व्यापारीही आहेत. मिरजेला हे लिहाच.

जुनी अक्षरे: कागदाबद्दल. माल येणे वेगळे आणि कसब येणे वेगळे. आठव्या शतकात कागद समरकंदला आणि त्या शतकाच्या अखेरीस बगदादला होऊ लागला. ११३२ ते ११४९ या काळात मंगळूरला राहणारा अब्राहम बेन यिजू हा यहुदी व्यापारी एडनहून कागद मागवी, कारण तो इथे मिळत नसे. एडनहून जुनी पितळी-काशाची भांडीही येत, त्याच्या कारखान्यात नवी घडत आणि परत जात. कैरोच्या गेनिझातली (यहुदी प्रार्थनागृहातल्या जुन्या कागदपत्रांच्या साठ्यातली) पत्रे हे सांगतात.

इथे कापूस होता, चिंध्या होत्या, चुनाही होता. पण चिंध्या चुन्याच्या पाण्यात मुरवून कुटायच्या, लगदा साच्यावर सारखा उचलायचा, वाळवून पिठाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, हे सरावाच्या हातांचे काम आहे. खळ पातळ झाली तर शाई फुटते. जाड झाली तर घडीवर तडा जातो, आणि पावसाळ्यात कसर लागते. शिवाय ताडपत्रावर काम भागत होते, तेव्हा कागदाला गिऱ्हाईक कुठून असणार? मोठी दप्तरे ठेवणारी राज्ये आल्यावर मागणी वाढली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा १४व्या शतकाशी जोडली जाते. म्हणून कागदाला अखंड रेघ (माल, १२वे शतक) आणि तुटक रेघ (कसब, पुढचे) अशा दोन खुणा द्या.

कृष्णाकाठ (कऱ्हाड): आभारी आहे. मग दाभोळ कोणत्या शतकात ठळक करू?

घाटवाट: १५व्या. बहमनी काळात घोडे तिथे उतरत. दख्खनच्या हवेत घोड्यांची पैदास नीट होत नसल्याने ही आयात सारखी चालू राही. इराणातल्या गिलानचा व्यापारी महमूद गवान शतकाच्या मध्यावर दाभोळलाच उतरला, पुढे वजीर झाला आणि बिदरला १४७२ मध्ये मदरसा उभारला. इराणी चकाकीच्या फरशा, फारसी ग्रंथ, शिक्षक हे सारे असे आत आले.

जुनी अक्षरे: एक बाण उलटाही हवा. शून्यासह आपले दहा आकडे बगदादला आणि तिथून पश्चिमेला गेले. पिसाच्या लिओनार्दोने ते अल्जीरियातल्या बुजिया बंदरात शिकून १२०२ मध्ये लॅटिनमध्ये मांडले. त्याचे वडील तिथल्या जकातघरात होते. हा बाण नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत जाईल, तेवढी जागा आधीच राखून ठेवा.