अनुभव धागा : १९७१ चा सर्वोत्तम रॉक अल्बम कोणता, आणि तो ऐकलात कसा?

खरीकॉर्नर (धागाकर्ता)

मंडळी, चहाच्या गाड्यावरचा वाद इथं आणतोय, पण हद्द आखून. साल १९७१. एप्रिलात रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स', जुलैत ब्लॅक सबॅथचा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' आणि ऑलमन ब्रदर्स बँडचा 'ॲट फिलमोर ईस्ट', ऑगस्टात 'द हू' या बँडचा 'हूज नेक्स्ट', ८ नोव्हेंबरला 'लेड झेपेलिन ४'. शिवाय पिंक फ्लॉइडचा 'मेडल', जेथ्रो टलचा 'ॲक्वालंग', डोअर्सचा 'एल. ए. वूमन', 'येस' या बँडचा 'फ्रॅजाइल' आहेतच.

नियम दोन. मत एकालाच. आणि कशावर ऐकलं ते लिहायचं, म्हणजे तबकडी, फाइल की ॲप, आणि दोन अल्बम शेजारी ठेवताना आवाज सारखा केला होता का. हे शेवटचं फालतू वाटतं, पण निम्मी भांडणं तिथंच होतात. एखाद डेसिबलनं वर असलेलं गाणं कानाला 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. त्यात नव्या रीमास्टर प्रती बऱ्याचदा मुळापेक्षा चढ्या आवाजात केलेल्या असतात. फाइली असतील तर ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचं एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) मोजा आणि जी मोठी आहे ती खाली आणा. लहान वर चढवू नका, शिखरं कापली जातात. ॲपवर आवाज समान ठेवायची सेटिंग चालू करून अल्बम सलग लावा. शफलवर काही ॲप प्रत्येक गाणं सुटं मोजतात, मग हळू गाणं आणि दणक्याचं गाणं एकाच पातळीला येतं.

"लै भारी" एवढंच लिहिलेलं मत मोजणार नाही.

मिरजकरतिकटी

लेड झेपेलिन ४. त्यातल्या 'स्टेअरवे टू हेवन' गाण्यासाठी नव्हे, शेवटच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधल्या ड्रम्ससाठी.

तो आवाज स्टुडिओतला नाही. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत ड्रमर जॉन बोनमचा सेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि इंजिनिअर अँडी जॉन्सनं बायरडायनॅमिक एम १६० जातीचे दोन रिबन माइक वरून जिन्यात टांगले. मग कॉम्प्रेसर दाबून लावला आणि बिन्सन एकोरेक या यंत्राचा प्रतिध्वनी मिसळला. वर टेपही हळू केली, म्हणून ढोल इतका जड पडतो.

आपल्याकडच्या बँडवाल्यांना हे करून बघायचं असेल तर तीन-चार गोष्टी सांभाळा. जिना दगडी किंवा सिमेंटचा असला तर गुंज जास्त मिळते. माइक ५-६ मीटर वर. आवाजाला ६ मीटर जायला १७ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे किकजवळ (पायानं वाजवायच्या ढोलाजवळ) वेगळा माइक लावून दोन्ही मिसळलेत तर प्रत्येक ठोका दुहेरी, पोकळ येतो. एकतर जवळचा माइक काढून टाका, नाहीतर जवळचा ट्रॅक १७ मिलिसेकंद उशिरा सरकवा. सगळ्यात मोठी चूक मात्र वाजवणाऱ्याची होते. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मागची गुंज वर खेचतो, म्हणजे झांजाही वर येतात. हाय-हॅट (पायानं उघडमीट होणारी झांजांची जोडी) नेहमीच्या जोरानं वाजवलं की सगळं रेकॉर्डिंग चरचरतं. ढोलावर पूर्ण हात, झांजांवर निम्मा. हे संतुलन वाजवतानाच ठेवावं लागतं, मागाहून मिक्समध्ये सुधारत नाही, कारण सगळं त्याच दोन माइकांत आहे.

ऐकलं: फाइल, आवाज जुळवून.

साठमारी

'हूज नेक्स्ट', आणि त्यात आपल्या मातीचा वाटा आहे. त्यातल्या 'बाबा ओ'रायली' या गाण्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, जन्म पुण्याचा, समाधी नगरजवळच्या मेहेराबादला. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. 

सुरुवातीचा तो फिरता आवाज सिंथेसायझरचा म्हणून सांगितला जातो, ते चूक. 'द हू'च्या पीट टाउनशेंडनं घरगुती लॉरी बर्कशायर ऑर्गन वाजवला आणि त्यातलं 'मरिंबा रिपीट' बटण वापरलं. सूर धरून ठेवायचा, तो तुकड्या-तुकड्यात परत परत वाजवण्याचं काम ऑर्गन करतो. सिंथेसायझर आहे तो 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये, तिथंही ऑर्गनच ईएमएस व्हीसीएस ३ या सिंथेसायझरमधून काढलाय, फिल्टर उघडतो-मिटतो तेवढं त्या यंत्राचं. पेटी ज्याच्या घरात आहे त्यानं 'बाबा' बरोबर बसवून बघावं, तीन स्वरसंगतीत काम होतं. माझ्या तबकडीवर पांढरी दोन लागते, जरा उतरलेली.

आणि 'मास्टर ऑफ रिॲलिटी'ला मत देणाऱ्यांना आधीच नमस्कार. चिखलात रुतलेली बैलगाडी ऐकायची असेल तर आमच्याकडं खऱ्या आहेत.

ऐकलं: तबकडी, अमेरिकेहून आलेला पट्ट्याचा टर्नटेबल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर.

उद्यमनगरी

साठमारी, तुझ्याकडं नंतर येतो. आधी मत: मास्टर ऑफ रिॲलिटी. सुमारे ३४ मिनिटं, एक मिनिट फाजील नाही.

ब्लॅक सबॅथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. डावखुरा असल्यामुळं नेमका तोच हात तारा दाबायचा. साबणाच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून त्यानं टोप्या केल्या, वर चामडं लावलं. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. या अल्बमवर 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड', 'इन्टू द व्हॉइड' यांत त्यानं गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, जाड तार ई वरून सी शार्पला. ताण कमी, बोटांना त्रास कमी. आज अर्धं मेटल संगीत ज्या खर्जावर उभं आहे तो असा आला.

करून बघणाऱ्यांसाठी: १०-४६ जाडीच्या तारांचा सेट सी शार्पला आणला की तारा लोंबतात, जोरात वाजवलं की सूर आधी चढतो मग बसतो. ११-५४ किंवा १२-५६ घाला. जाड तार नटच्या (गिटारच्या गळ्याच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते, ट्यून करताना 'टिक' आवाज येऊन सूर उडी मारतो, तर खाच तारेच्या मापाला कानशीनं रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्या पट्टीवर झणझणते. तंबोऱ्याला जवारी हवी, गिटारला नको. मिरजेचा तंतुवाद्यवाला कारागीर ओळखीचा असेल तर हे काम त्याच्या हाताला बरोबर समजतं. शेवटी बाराव्या पट्टीवर सूर तपासा. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथं बोट नुसतं टेकवून येणाऱ्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल, म्हणजे तारेचा खालचा टेकू, मागं घ्या. तारा जुन्या असतील तर हे करण्यात अर्थ नाही, आधी तारा बदला.

आता साठमारी. भावा, 'बाबा ओ'रायली' एफ मध्ये आहे. म्हणजे पांढरी चार. तुझी पांढरी दोन, तीही उतरलेली, म्हणजे तीन अर्धस्वरांहून थोडं जास्तच खाली. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. अमेरिकेत ६०, आपल्याकडं ५०. जुन्या पट्ट्याच्या टर्नटेबलातली सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्या मागं धावते. ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे पडतात. तू बैलगाडीच ऐकतोयस, पण ती आयोमीची नाही.

खात्री करायला स्ट्रोब (वेग तपासायचा दिवा) लागत नाही. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेव, सुई टेकवलेली असू दे, ३ मिनिटं फेऱ्या मोज. बरोबर १०० भरायला हव्यात.

रंकाळावेस

मेडल. पण हा अल्बम ब्लूटूथच्या एका डब्यावर ऐकून मत देणाऱ्यांना माफी नाही. 'वन ऑफ दीज डेज' दोन बास गिटारांवर उभं आहे, एक रॉजर वॉटर्स, एक डेव्हिड गिल्मर, दोन बाजूंना. दोन्ही एका डब्यात कोंबले की एकच जाडा बास उरतो.

दोन स्पीकर असूनही बास पातळ येत असेल तर एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्यात. तपासायची रीत: ॲम्प्लिफायरपासून वायर सोडवा, १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचा अधिक लाल टर्मिनलला. दोन्ही कोन बाहेरच आले पाहिजेत. एक आत गेला तर तो उलटा.

'एकोज' पूर्ण दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटं. सुरुवातीचा तो 'टिंग' म्हणजे रिक राइटचा पियानो, लेस्लीच्या फिरत्या स्पीकरमधून. मधल्या भागातल्या पक्ष्यांच्या किंकाळ्या गिल्मरच्या गिटारच्या, वा-वा पेडलला वायरी उलट्या जोडून काढलेल्या. (पेडल उलटं जोडल्यावर प्रत्येक पेडल किंचाळतंच असं नाही, सर्किटवर असतं.)

मिरजकरतिकटी

रंकाळावेस, साडेतेवीस मिनिटांच्या बाजूला खोबण्या दाटीनं बसवाव्या लागतात, आवाज खाली ठेवावा लागतो. मग धूळ आणि खरखर वर दिसते. आणि तबकडीवर तुलना करताना गाणं बाजूला कुठं आहे तेही बघा. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत लेबलजवळ २१. कमी जागेत तेवढेच सूर लिहायचे म्हणजे अक्षर बारीक होणार. 'स्टेअरवे', 'लेव्ही' आणि 'वोन्ट गेट फूल्ड' ही तिन्ही बाजूच्या शेवटी आहेत. 'स'कार तिथंच फाटत असेल तर दोष अल्बमचा नाही, कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) मांडणी वाकडी आहे. प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायचा नकाशा) कागदावर छापून दोन्ही बिंदूंवर जुळवा, आणि सुईचा भार काट्यावर मोजा. एटी-व्हीएम ९५ ई या कार्ट्रिजला २ ग्रॅम. भार कमी ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

बिनखांबी

स्टिकी फिंगर्स. थोडक्यात लिहितो. 'ब्राऊन शुगर'ची गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसवून लोक बोटं मोडून घेतात. सहावी तार काढून टाका, उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी. दोन बोटांत वाजतं.

कव्हरवर खरी झिप असलेली जुनी प्रत कुणाकडं असेल तर झिप अर्ध्यापर्यंत उघडी ठेवा. पूर्ण लावलेली झिप एकावर एक रचलेल्या गठ्ठ्यात खोबण्यांवर खड्डा पाडायची. अर्धी उघडली की झिपची कडी मधल्या लेबलवर येते. तबकड्या आडव्या रचू नका हे सांगायला नकोच.

पंचगंगाघाट

मत अजून ठरलं नाही, पण तबकडीवाल्यांसाठी. आपल्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, तिथून ती तबकडीवर जाते. आतली कागदी पाकिटं फेकून पॉलिथिनची घ्या. धुवायला ३ भाग डिस्टिल्ड पाणी, १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात. नळाचं पाणी नको, क्षार खोबणीत बसतात. हा घोल आजोबांच्या नाट्यगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलनं लाख विरघळते. विनाइलसाठीच.

देवलक्लबामागं

ॲट फिलमोर ईस्ट. १२ आणि १३ मार्च १९७१ चे न्यूयॉर्कचे कार्यक्रम, निर्माता टॉम डाऊडनं घडवलेला. बाकी सगळे अल्बम रंगवलेले, हा बैठकीचा. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात, कोल्हापुरात, ही बाजू कुणी मांडली नाही याचं नवल वाटलं.

'व्हिपिंग पोस्ट' सुमारे २३ मिनिटांचं, चौथी बाजू त्यातच संपते. सुरुवात एकट्या बासवर, ११ मात्रांची. पाश्चात्त्य पुस्तकात ११/८ बघून घाबरू नका, तोंडानं म्हणा: तकिट तकिट तकिट तक. ३, ३, ३, २. गायन सुरू झालं की तकिट चार वेळा, १२. नव्या पोरांची चूक ठरलेली आहे: शेवटच्या 'तक'ला 'तकिट' करतात, एक मात्रा जादा जाते आणि समेवर बाकीचे पुढं निघून गेलेले असतात. टाळी प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर द्या, पायानं सरळ मात्रा मोजू नका. दोन ड्रमर आहेत, जेमो आणि बुच ट्रक्स, त्यातल्या एकाच्याच मागं जा. ड्युएन ऑलमन गिटारवर सरकवतो ती काचेची औषधाची बाटली आहे. बाटलीनं तार दाबायची नाही, फक्त टेकवायची, आणि सूर पट्टीच्या धातूच्या बरोबर वर मिळतो, मागं नाही. हे सतारीच्या मींडेसारखं समजून केलं की फसतं. तिथं तार ओढतो, इथं नुसतं सरकायचं.

साठमारी

मोजल्या. ८३ आणि थोड्या. मोटरखाली ६० हर्ट्झ लिहिलंय.

उद्यमनगरी

मोटर बदलू नकोस, पुली बदल. व्यास १.२ पट हवा, पण पट्ट्याची जाडी धरून. तुझी पुली १० मिमी आणि पट्टा ०.६ असेल तर १०.६ ला १.२ नं गुणायचं, त्यातून ०.६ वजा. १२.१२ येतं. थेट १२ करून घेतलीस तर जवळपास एक टक्का हळूच राहील. लेथवर पितळ टर्न करताना मध्ये किंचित फुगवटा ठेवायला सांग, सपाट पुलीवरून पट्टा चढून उतरतो. भोक शाफ्टला घट्ट हवं, ढिलं असलं की दर फेरीला सूर लहरतो, पियानोवर लगेच कळतं.

साठमारी

म्हणजे 'हूज नेक्स्ट'ही आजवर तीन अर्धस्वर खालीच ऐकला. मत तेच राहील. पण पुली येईपर्यंत मोजू नका.