मेटल बॉडीचा जड कीबोर्ड, रात्रीची ड्युटी आणि फळ्यांचं पार्टिशन: आवाज कमी कसा करू?

माडीवरचा (फोंडा)

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

बरेच दिवस मनात होतं ते यंदा केलं, अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. ७५ टक्के साईझ (नंबरपॅड नाही), गॅस्केट माउंट (आतली प्लेट मऊ पट्ट्यांवर टेकलेली), हॉटस्वॅप (स्विच नुसते उपटून बदलता येतात), ब्राऊन स्विच (दाबताना हलका उंचवटा लागतो). वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितला तर पावणेदोन किलो भरला, तो म्हणाला असले नारळ आणा की दोन. दिवसा एकदम मस्त वाटतो. पण माझं काम अमेरिकेच्या वेळेचं, रात्री साडेआठ ते पहाटे साडेचार, आणि घर जुनं, खाली चिऱ्याच्या भिंती आहेत पण माडी सगळी लाकडी, जमीन फळ्यांची, माझी खोली आणि आईची खोली यांच्यात नुसतं फळ्यांचं पार्टिशन. टेबल आजोबांचं, सागवानी, दोन मोठे खण असलेलं, त्या पार्टिशनलाच टेकवून ठेवलंय. आई म्हणते रात्रभर कोणीतरी खलबत्ता कुटतंय असं वाटतं.

आतापर्यंत केलं ते असं: व्हिडिओ बघून पीसीबीच्या (आतल्या सर्किट बोर्डाच्या) पाठीमागे मास्किंग टेपचे दोन थर लावले आणि खालच्या केसमध्ये फोम भरला. आवाज आता भारी झालाय, खोल, भरीव, मला स्वतःला तर ऐकतच राहावंसं वाटतं. आई म्हणते काहीच फरक नाही, उलट जास्तच. हे कसं काय?

शिवाय दोन तक्रारी अजून आहेत. एंटर जोरात मारला की मागून बारीक 'टिंग' येतो, घंटी वाजवल्यासारखा. आणि स्पेसबार खुळखुळतो. चवथीला काका-काकू येणार, ते त्याच खोलीत झोपणार, तोवर काहीतरी करायलाच हवं. आणि जाता जाता, देवनागरी अक्षरांचे कीकॅप घातले तर कीबोर्डात काही सेटिंग बदलावं लागतं का?

सोलकढी२०

ओ-रिंग घाल रे. रबराच्या रिंगा येतात, प्रत्येक कीकॅपच्या आत एक, अर्ध्या तासाचं काम. नाहीतर रात्रीपुरता ऑफिसचा जुना मेम्ब्रेन कीबोर्ड (आत रबराचा पडदा असलेला साधा) काढ आणि हा शोकेसमध्ये ठेव :)

मांडवीकाठ

ओ-रिंगने बटण खाली आदळतं तो आवाज थोडा कमी होतो हे खरं, पण बटण चिखलात दाबल्यासारखं लागतं, आणि सोडल्यावर स्टेम (स्विचमधला वरखाली होणारा दांडा) वर येऊन आपटतो तो आवाज तसाच राहतो. त्यासाठी एवढा महागाचा कीबोर्ड घेतला नसेल त्याने.

माडीवरच्या, तुझा घोळ असा आहे की तुझ्या कानाला येणारा आवाज आणि आईच्या कानाला येणारा आवाज हे दोन वेगळे आहेत आणि तू पहिल्याचा इलाज करत बसलायस. टेप आणि फोमने वरच्या पट्टीतला कर्कश भाग मरतो, केसच्या पोकळीचा घुमारा जातो, मागे उरतो तो खालच्या पट्टीतला 'धप'. पीसीबीला टेप वगैरे लावतात ते आवाज गोड व्हावा म्हणून, गप्प व्हावा म्हणून नाही. आणि लाकडातून, फळीतून पलीकडे जातो तो नेमका हा धपच. बारीक टिंग पार्टिशनच्या पलीकडे बहुतेक पोचतही नसेल. त्यात तुझं टेबल खणांचं, म्हणजे पोकळ, म्हणजे वाजवायचं घुमटच की! वर कातडं नाही इतकंच. कीबोर्ड टेबलाला ठोकतो, टेबल पार्टिशनला आणि जमिनीच्या फळ्यांना.

म्हणून एक पैसाही खर्च न करता आधी हे कर. आज रात्री कीबोर्ड उचलून गादीवर ठेव, दहा मिनिटं नेहमीच्या जोराने टाईप कर आणि आईला विचार. तिला ऐकू आलं नाही तर गुन्हेगार टेबल आहे.

टिंगचं सांगतो. दोन शक्यता. कीबोर्ड हातात घेऊन बोटाच्या पेराने मागून ठोक, तोच टिंग आला तर ती केस वाजतेय, धातूला धातू भिडलाय. उलगडून वरची आणि खालची केस जिथे एकमेकीला टेकते तिथे, स्क्रूंच्या आजूबाजूला, इलेक्ट्रिकल टेपचे नखाएवढे तुकडे लाव. याला फोर्स ब्रेक म्हणतात. स्क्रू पिळून घट्ट करू नको, बसले की थांब. ठोकून काहीच आलं नाही पण एखादं बटण सावकाश दाबून सोडताना कुईं किंवा टिंग आला तर ती स्विचमधली स्प्रिंग, तिला तेल लावावं लागतं.

स्पेसबार खुळखुळतो तो स्टॅबिलायझरमुळे, लांब बटण दोन्ही टोकांना सारखं दाबलं जावं म्हणून खाली असतो तो. आत तार असते ती प्लॅस्टिकच्या घरात सैल हलते. तारेच्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, प्लॅस्टिक घासतं तिथे क्रायटॉक्स २०५जी० या ग्रीसचा पातळ हात. आधी तार काढून काचेवर ठेवून बघ, एक टोक उचललेलं असेल तर वाकवून सरळ कर, वाकड्या तारेला कितीही ग्रीस फासलं तरी ती खुळखुळणारच.

देवनागरीसाठी कीबोर्डात काही करायचं नसतं. तो फक्त कुठलं बटण दाबलं त्याचा कोड पाठवतो, त्या कोडाचं अक्षर कुठलं ते कॉम्प्युटर ठरवतो. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण की-मांडणी) चालू कर, झालं.

ओले_कौल (पेडणे)

वरचं सगळं पटलं. माझी भर एवढीच की गोव्यात मास्किंग टेप लावताना विचार करा. मी तीन वर्षांपूर्वी लावली होती, दोन पावसाळे गेले आणि उघडून बघतो तर कागद सुटलेला आणि डिंक पीसीबीवर गुळासारखा पसरलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन सगळा रविवार गेला. आता लावायचीच तर पॉलीइमाइडची पिवळी टेप लावतो. आणि चुकूनही चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची टेप पीसीबीला लावू नका, ओळखीच्या एकाने लावली, त्यातून करंट जातो हे त्याला नंतर कळलं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्टॅबिलायझरच्या तारेला ग्रीस लावायचंच, आवाजासाठी नसलं तरी गंजासाठी.

माडीवरचा

मांडवीकाठ बाब, काल रात्री गादीवर ठेवून टाईप केलं. सकाळी आईला विचारलं तर म्हणाली काल तुला सुट्टी होती का? दहा मिनिटं नाही, अख्खा तास करत होतो मी!

म्हणजे फोम, टेप सगळं फुकट. आणि टिंगबद्दल विचारलं तर तिला तो कधी ऐकूच आलेला नाही. तो फक्त माझ्या डोक्यात वाजत होता.

आता टेबलाचं काय करू, गादीवर बसून आठ तास काम केलं तर पाठ जाईल. आणि एक विचारायचं राहिलं, कधीकधी मनगट केसला लागलं की हलक्या झिणझिण्या येतात, हे नॉर्मल का?

मांडवीकाठ

टेबल पार्टिशनपासून चार बोटं पुढे ओढ, कुठेच टेकता कामा नये, वायरसुद्धा मध्ये अडकवू नको. पायांखाली वॉशिंग मशीनच्या खाली ठेवतात ते रबराचे पाय, हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. कीबोर्डखाली पातळ डेस्क मॅटपेक्षा योगा मॅटचा तुकडा कापून घाल, दिसायला गावठी पण काम चोख. खण रिकामे असतील तर कपडे भर त्यात.

एवढं करून धप उरला तर मगच स्विच बदल. सायलेंट स्विचच्या स्टेमला मऊ डॅम्पनर असतात, खाली आदळताना आणि वर येताना दोन्हीकडे. तुला ब्राऊनसारखा उंचवटा हवा असेल तर बोबा यू४, त्यात ६२ आणि ६८ ग्रॅम अशा दोन स्प्रिंगा येतात. उंचवटा नको असेल तर चेरी कंपनीचे सायलेंट रेड. तुझा बोर्ड हॉटस्वॅप आहे म्हणजे सोल्डरिंग करायला नको, फक्त घालताना दोन्ही पिना सरळ आहेत ना बघ आणि मागून सॉकेटला बोटाचा आधार दे, नाहीतर सॉकेट उखडतं. स्विचला ल्यूब म्हणजे वंगण लावणार असशील तर डॅम्पनरला लागू देऊ नको, चिकटतो.

झिणझिण्या: लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असणार. त्यातून थोडी गळती लॅपटॉपच्या ग्राउंडवर येते आणि यूएसबीच्या वायरीतून तुझ्या मेटल केसपर्यंत. प्लॅस्टिकच्या कीबोर्डात कळत नाही इतकंच. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघ, थांबेल. तीन पिनांचा चार्जर असूनही येत असेल तर मात्र घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखव, जुन्या घरांत पुष्कळदा ती नसतेच. यात चालढकल नको.

सोलकढी२०

माझा मेम्ब्रेनचा सल्ला कोणीच मनावर घेत नाही.

माडीवरचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. टेबल पुढे ओढलं, रबराचे पाय फोंड्याच्या बाजारातच मिळाले, योगा मॅट बायकोची, तिने अजून विचारलेलं नाही. एवढ्यानेच नव्वद टक्के काम झालं. तरी काकांची झोप मांजराची म्हणून बोबा ६२ ग्रॅमचे मागवले, ८४ बटणं तर ९० घेतले, दोन पिना मी वाकवल्या पण चिमट्याने सरळ झाल्या. आता कीबोर्डपेक्षा मागच्या कुळागरातले बेडूक जास्त आवाज करतात. खरं सांगायचं तर तो भरीव आवाज गेला याचं थोडं वाईट वाटतं, म्हणून ब्राऊन स्विच डब्यात जपून ठेवलेत. चार्जर दोन पिनांचाच निघाला, ऑफिसकडे तीन पिनांचा मागितलाय.

टिंग गेला, टेपचे सहा तुकडे लागले. राहिला फक्त स्पेसबार. तार सरळ आहे, बघितली, पण ग्रीस आत जातच नाही, ब्रशने सगळीकडे फासलं जातं. इन्सुलिनची सिरिंज वापरू का?

ओले_कौल

इन्सुलिनची नको, तिची सुई केसासारखी, घट्ट ग्रीस त्यातून यायचं नाही. फार्मसीतून २ मिलीची साधी घे, सुई काढून टाक, मागून ग्रीस भर आणि तोंड तार जिथे शिरते त्या भोकाला लावून अगदी थोडं दाब. मग दहावीस वेळा स्पेसबार दाब म्हणजे आत पसरेल. जास्त झालं तर बटण वर यायला आळस करतं, तेव्हा कमीच घाल.