विषय: डोंगरातलं घर, तीन कोटेशनं आणि एक गोंधळलेली मी

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही डोंगरात जुनं घर घेतलं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, काही जण राहूनही गेलात. आता स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधली भिंत काढायची आहे, वर एक झोपायची खोली वाढवायची आहे आणि खिडक्या बदलायच्या आहेत. तीन कंत्राटदार येऊन बघून गेले. सगळ्यात वरचा आकडा खालच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे! शहरातल्या घराचं काम केलं तेव्हाही फरक होता, पण इतका नव्हता. कुणी लुबाडतंय की कुणी काही विसरलंय, तेच कळेना. अशा कामाला चौरस फुटामागे साधारण किती धरायचं, हे कुणी सांगू शकेल का?

– डोंगरवाली

---

उत्तर: डोंगरातलं घर, तीन कोटेशनं

अगं, चौरस फुटाचा दर सपाटीवर ठीक आहे. डोंगरात तो विचारलास तर कुणीही काहीही सांगेल आणि तुम्ही फसाल. मी पस्तीस वर्षं बांधकामातच घालवली, त्यातली बरीच चढावर. तिथे घरापेक्षा रस्ता जास्त पैसे खातो.

भरलेला काँक्रीट मिक्सर 25-30 टनांचा असतो. तुमच्या घराकडे येणारं ते शेवटचं वळण मला आठवतंय, माझी साधी गाडी दोनदा मागे घ्यावी लागली होती. तिथे तो मिक्सर वळणार नाही. मग छोट्या गाड्यांनी चार खेपा, नाहीतर खाली उभं राहून पंपाने वर चढवायचं. त्यात पाणी मिसळल्यापासून दीड तासात काँक्रीट ओतावं असा जुना दंडक, म्हणजे प्लांट लांब असेल तर तेही गणित बघायचं. फोडलेल्या भिंतीचा राडारोडा खाली नेणं हे पुन्हा वेगळं. माणसांचंही तेच. चार कामगार रोज सव्वा तास चढून येणार, सव्वा तास उतरणार, म्हणजे दिवसाला दहा मनुष्यतास गाडीत. साठ दिवसांच्या कामात सहाशे तास! ते कोटेशनमध्ये ‘प्रवास’ म्हणून कुठेच लिहिलेले नसतात, सुताराच्या मजुरीत मुरलेले असतात.

दुसरं खातं ऋतूचं. बाहेरचं काम करायला चार-पाच महिने मिळतात आणि तेच महिने सगळ्यांना हवे असतात. पारा 5 अंशांच्या खाली गेला की काँक्रीटला ताडपत्रीचा तंबू आणि आत हीटर लावून सांभाळावं लागतं. छप्पर उघडं असताना पहिला बर्फ पडला तर काय होतं, ते मी बघितलंय. ते वर्णन नको.

आता तुझी ती भिंत. बर्फाचं वजन लोकांना कळत नाही, कारण ताजा बर्फ हलका असतो, घनमीटरला 50 ते 100 किलो. पण तो दबून, ओला होऊन आठवडे पडून राहिला की 300 किलोच्या पुढे जातो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर असा मीटरभर थर म्हणजे 30 टन, वीसेक मोटारी वर लावून ठेवल्यासारखं. हे वजन कुठल्या तरी भिंतीतून पायात उतरतं. तू काढायला निघाली आहेस ती भिंत तीच असेल, तर नुसता हातोडा घेऊन चालणार नाही. वर तुळई, तिच्या दोन्ही टोकांना खांब, खांबांखाली नवा पाया. आणि तो पाया जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली न्यायचा, कारण गोठणारी माती खालचं पाणी ओढून घेते, त्याचे बर्फाचे थर वाढत जातात आणि वरचं सगळं उचलतात. शहरात हीच भिंत दोन दिवसांत निघाली असती.

वरच्या खोलीबद्दल एक प्रश्न. घराला सांडपाण्याची लाईन आहे की सेप्टिक टँक? टँक असेल तर बऱ्याच ठिकाणी त्याचं माप झोपायच्या खोल्यांवर ठरतं. एक खोली वाढली की टँक आणि त्याचं शोषक्षेत्र (म्हणजे टँकमधलं पाणी जमिनीत मुरवायची जागा) वाढवा असं सांगतात, आणि खडकात ते खणणं हा एक स्वतंत्र खर्च. ‘ही अभ्यासाची खोली आहे हो’ ही सबब तपासनिसांनी खूपदा ऐकलेली असते.

तिघांना हे सगळं विचार. महाग वाटणाऱ्याने कदाचित हे धरलेलं असेल.

– काका

---

उत्तर: डोंगरातलं घर, तीन कोटेशनं

काकांच्या पुढे बोलायचा माझा अधिकार नाही, पण खिडक्यांवरून माझं स्वतःचं पोळलंय, म्हणून लिहितो. मंडळाचा खजिनदार असूनही हा खर्च मला आधी दिसला नाही, हे कृपया वार्षिक सभेत काढू नये.

आमचं घर साधारण अडीच हजार मीटरवर. दुहेरी काचेच्या छान खिडक्या मागवल्या, बसवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर उभा राहिलो तर काचेत समोरच्या झाडांची प्रतिबिंबं वाकडी, जत्रेतल्या आरशासारखी. मला वाटलं काच खराब. कारण वेगळंच होतं. दोन काचांमधला वायू सपाटीवरच्या कारखान्यात सीलबंद केलेला. अडीच हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब जेमतेम तीन चतुर्थांश उरतो, त्यामुळे आतला वायू काचा बाहेर ढकलत होता. पहिल्याच हिवाळ्यात तीन खिडक्यांचं सील गेलं आणि दोन काचांच्या मधोमध धुकं. ते पुसायला हात कुठून घालणार?

ऑर्डर देताना उंची सांगितली असती तर केसासारखी बारीक नळी ठेवून दाब जुळवता आला असता, मात्र तशा खिडकीत आरगॉन (उष्णता अडवायला काचांमध्ये भरतात तो वायू) टिकत नाही, म्हणजे काच निवडतानाच विचार करावा लागतो. ज्याने विकल्या त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काचांपेक्षा परत परांची बांधून माणसं वर आणायलाच जास्त गेले.

गॅसवरच्या हीटरचंही असंच. जुना ठोकताळा दर 1000 फुटांना 4 टक्के ताकद कमी धरायचा आहे. आठ हजार फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश गेली. पाटीवरचा आकडा बघून घेतलात तर जानेवारीत स्वेटर घालून बसाल.

– खजिनदार

---

उत्तर: डोंगरातलं घर, तीन कोटेशनं

काका, खजिनदार दादा, फार फार आभार. काल रात्री तिन्ही कोटेशनं जेवणाच्या टेबलावर पसरून पुन्हा वाचली.

स्वस्त कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे: ‘रस्त्याच्या अडचणीमुळे होणारा वाढीव खर्च, हिवाळी काम आणि इंजिनियरची फी वेगळी.’ बर्फाचा उल्लेख कुठेही नाही. मधल्याने खिडक्यांसाठी एक ढोबळ रक्कम टाकली आहे, कुठल्या, किती, काही नाही. महागवाल्याने मात्र वळण टेपने मोजून ‘छोट्या गाडीच्या खेपा’ अशी ओळच घातली आहे! त्यात दोन कामगारांच्या राहण्याचाही खर्च आहे. तो आला तेव्हा मला वाटलं होतं की हा उगाच रस्त्यावर वेळ घालवतोय.

आणि हो, सेप्टिक टँकच आहे. जुन्या मालकाच्या कागदांत तीन झोपायच्या खोल्यांसाठी म्हणून नोंद आहे आणि घरात तीन आहेतच. वरची खोली म्हणजे चौथी. आता काय करू?

– डोंगरवाली

---

उत्तर: डोंगरातलं घर, तीन कोटेशनं

चौथी खोली सध्या बाजूला ठेव. खालच्या कामाचा खरा आकडा हातात येऊ दे, मग बघू. खिडक्या आणि छपराचं काही करायचं असेल तर ते एकाच मोसमात, एकाच परांचीवर उरक. आतलं काम हिवाळ्यात चालतं, आणि तेव्हा माणसंही जरा सहज मिळतात. एकूण रकमेच्या वर 15-20 टक्के गाठीला ठेव. जुन्या घराची भिंत उघडली की काहीतरी निघतंच. जुन्या फरशीत किंवा छपराखालच्या भरावात अॅस्बेस्टॉस (धूळ श्वासात गेली तर घातक असे खनिज तंतू) असू शकतं, फोडण्याआधी नमुना तपासून घे.

आसपास जंगल असेल तर माळ्याच्या झरोक्यांना 3 मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी याच वेळी लावून टाक. वणव्यात घरं पेटतात ती बरीचशी उडत आलेल्या ठिणग्यांनी, आणि जाळीला खर्च फारसा येत नाही.

कुणालाही होकार देण्याआधी एक कर. टॉर्च घेऊन माळ्यावर चढ, वाशांची जाडी आणि दोन वाशांमधलं अंतर टेपने मोज, आणि टेप दिसेल असा फोटो मला पाठव. फक्त मला. सगळ्या मंडळाला नको, मागच्या वेळी सेक्रेटरी ओरडले होते.

– काका

---

उत्तर: डोंगरातलं घर, तीन कोटेशनं

फोटो चुकून सगळ्यांनाच गेला. माफ करा. कोपऱ्यात दिसतंय ते वटवाघूळ आहे, तेही आम्हाला आजच कळलं.

– डोंगरवाली