सी प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला मार्क कशावर द्यायचे?

नवा_मास्तर: फर्स्ट इयरला सी शिकवतोय, दोन तासांची लॅब, बॅचला 20 पोरं. घरून आणलेला प्रोग्राम सगळ्यांचा चालतो, पण समोर बसवून लिहायला सांगितलं की अर्ध्यांचा स्कॅनएफ (इनपुट घ्यायचं फंक्शन) मधला अँपरसँडच (& चिन्ह) गायब. आउटपुट बघून मार्क देऊ की टेस्ट केस (ठरलेले इनपुट टाकून उत्तर तपासणं) लावू?

कोकणी_कोडर: टेस्ट केस लावाच, पण विचार करून. लीप इयर ओळखायचा प्रोग्राम द्या, 2024 टाकून पोरगं खूश झालं की 1900 टाका, ते लीप नाही. नुसतं 4 ने भाग जातो का बघणारा तिथंच आपटतो. मग 2000 टाका, ते लीप आहे, 100 ची अट घालून 400 ची विसरलेला पण सापडतो.

लॅब_असिस्टंट: नुसत्या ऑटो टेस्टवर जाऊ नका हो, आमच्याकडे एकाने चक्क इफ च्या अटीत 1900 च लिहून ठेवलेलं 😄 आणि एकीचं लॉजिक एकदम बरोबर, पण आउटपुट छापणाऱ्या प्रिंटएफ मधे एक स्पेस जास्त म्हणून झिरो, रडवेली झाली बिचारी. मी आता चालत्या प्रोग्राममधली एक ओळ उडवतो आणि विचारतो, रन न करता सांग आता काय छापेल. जर्नल तर काय, सगळ्यांची सारखीच असतात.

नवा_मास्तर: ओळ उडवायची आयडिया भारी. पण 20 जणांना 5-5 मिनिटं म्हणजे 100 मिनिटं, लॅब संपलीच की

लॅब_असिस्टंट: दर लॅबला 5 जणच घ्या, कोण ते आधी सांगू नका. 4 आठवड्यात बॅच उरकते