हिवाळ्यातल्या बागेसाठी फळं धरणारा गुलाब कोणता लावावा?

लीड्सकर:
इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. मागच्या अंगणात ६ मीटरचा वाफा आहे, दक्षिणेचं ऊन मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे नुसत्या काटक्या दिसतात. लाल रोझ हिप्स (गुलाबाची फळं) धरणारी झाडं लावायची आहेत. सध्याच्या दोन हायब्रिड टींना (भरगच्च फुलांचे बागेतले गुलाब) फळंच धरत नाहीत. कोणती जात घ्यावी, छाटणी कधी करावी? आणि पक्षी काही शिल्लक ठेवतात का?

काटेरीबाग:
हायब्रिड टीकडून आशा सोडा. भरगच्च फुलात बरेचसे पुंकेसर पाकळ्या होऊन गेलेले असतात, त्यात सुकलेली फुलं आपणच खुडतो. पाच पाकळ्यांचे एकेरी गुलाब बघा.

मात्र एक गोष्ट रोपवाटिकेत सहसा सांगत नाहीत: फळ जितकं मोठं आणि गरवाळ, तितकं लवकर जातं. रुगोसा या गुलाबाची फळं चपट्या चेरी टोमॅटोएवढी, ऑगस्ट-सप्टेंबरात झगझगीत दिसतात. पण कडक थंडीत दव गोठलं की गर मऊ होतो, साल सुरकुतते आणि नाताळापर्यंत झुडपावर काळपट लगदा लटकतो. मोयेसी या गुलाबाची 'जिरेनियम' ही जात (इंग्लंडमधल्या विस्लीच्या बागेत १९३८ मध्ये तयार झालेली) शेंदरी सुरईसारखी फळं धरते. देखणी आहे, पण उंची अडीच मीटर आणि फळांची शोभा शरदापुरतीच.

जानेवारीत रंग हवा असेल तर वाटाण्याएवढी टणक फळं हवीत. त्यासाठी रोझा ग्लॉका घ्या: दीड-दोन मीटर उंची, उन्हाळ्यात जांभळट-राखाडी पानं, थंडीत तांबूस गोल फळांचे झुबके. 'किफ्ट्सगेट'च्या फोटोंना भुलू नका, तो वेल १० मीटरच्या वर जातो.

मुळापासून:
छाटणीबद्दल. महाराष्ट्रातून आलेल्या हाताला ऑक्टोबर लागला की कात्री आठवते. तिकडे ते बरोबर, इकडे त्याच छाटणीत सगळी फळं कचऱ्यात जातात. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये छाटा. तेव्हाही ग्लॉका, मोयेसीचे शेंडे सरसकट कापायचे नाहीत, कारण फुलं जुन्या फांद्यांच्या बगलफुटींवर येतात. सगळ्यात जुन्या एक-दोन फांद्या बुडापासून काढायच्या, बस.

जूनची फुलं खुडू नका. उशिरा आलेल्या फुलांची फळं हिरवीच राहतात आणि थंडीत मरतात. जुलैनंतर नत्रयुक्त खत बंद. मार्चमध्ये सल्फेट ऑफ पोटॅश चौरस मीटरला १५-२० ग्रॅम पुरे.

उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्च मिळतात, कुंडीतल्यांपेक्षा स्वस्त. लावण्याआधी मुळं तास-दोन तास पाण्यात ठेवा. कलमाचा जोड मातीच्या पातळीला किंवा २-३ सेंटीमीटर खाली. चुनखडीच्या जमिनीत रुगोसा पिवळा पडतो. त्याचे धुमारेही लांबवर फुटतात. उपटलेले रानात टाकू नका, इंग्लंडमध्ये तो रानात लावणं किंवा पसरू देणं कायद्याने गुन्हा आहे.

उन्हाचीदिशा:
जागा जातीइतकीच महत्त्वाची. हिवाळ्यात ऊन तिरपं येतं, म्हणून झुडूप खिडकी आणि सूर्य यांच्या मधोमध लावा. मागून उजेड आला की फळं पेटल्यासारखी दिसतात. समोरून ऊन येत असेल तर मागे यू या सदाहरित झाडाची गडद, कापून राखलेली भिंतच हवी. लाल काड्यांच्या कॉर्नस झुडपाशेजारी लाल फळं हरवतात, त्यापेक्षा पिवळ्या काड्यांचा कॉर्नस 'फ्लाविरामेया' लावा.

पक्षी खातातच. पण ब्लॅकबर्ड आणि फील्डफेअर बहुधा आधी हॉथॉर्न, रोवन या झाडांची फळं संपवतात, मग गुलाबाकडे वळतात. जाळी मात्र घालू नका, मग शोभा कसली? मुलांना फळं फोडू देऊ नका, आतल्या बारीक केसांनी खाज सुटते.

लीड्सकर:
ग्लॉका नक्की. दाराजवळ कुंडीत काही चालेल?

काटेरीबाग:
'फ्रू डागमार हास्ट्रुप', ४५-५० सेंटीमीटरच्या कुंडीत. रुगोसाच आहे, पण मीटरभरच वाढतो. फळं मऊ पडायला लागली की तेवढी खुडून टाका.